बिनशिलाईचे कापड आणि मुलाची खोली : शेलू-कर्जत परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

लहान मुलाची खोली सुई-दोऱ्याशिवाय, केवळ घड्या, गाठी, पीळ आणि चिकटपट्ट्या यांच्या साहाय्याने कापडाने सजवणे हा अलीकडच्या काळातील शहरी छंद समजला जातो. प्रस्तुत लेखात या समजुतीचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. मुलासाठी स्वतंत्र खोली नसलेल्या घरांत न शिवलेल्या कापडानेच मुलाची खोली निर्माण केली जात होती. झोळी, आडोसा आणि चांदवा ही तिची तीन अंगे होत. अंतर्गत रायगडमधील शेलू, कर्जत व खालापूर हा परिसर समोर ठेवून, या प्रथेमागील भौतिक व सामाजिक कारणे, गिरणी कापडाच्या प्रसाराने तिच्यात झालेले बदल आणि आजच्या सजावटीशी असलेले तिचे नाते यांचा आढावा येथे घेण्यात आला आहे.

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ या स्थानकांच्या दरम्यान शेलू हे गाव आहे. प्रशासकीय दृष्ट्या ते रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात मोडते. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये मात्र कर्जत तालुक्याचे वर्णन ठाणे जिल्ह्याच्या खंडात आढळते. एका बाजूला सह्याद्रीच्या रांगा व माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उल्हास नदीचे खोरे आणि मधून जाणारा लोहमार्ग अशी या परिसराची रचना आहे. कुणबी, आगरी, मराठा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी अशा अनेक समाजांची वस्ती येथे पूर्वापार आहे. गेल्या दोन दशकांत या पट्ट्यात मुंबईकडे कामाला जाणाऱ्या कुटुंबांसाठी गृहसंकुले उभी राहिली आणि त्यांतील सदनिकांत 'मुलांची खोली' ही कल्पना रुजू लागली.

या नव्या खोलीच्या सजावटीत कापडाला मोठे स्थान आहे. खिडकीवरील त्रिकोणी पताकांची माळ, पाळण्यावर टांगलेल्या चिंध्यांच्या लडी, पलंगाभोवतीचा झुळझुळीत पडदा, भिंतीवरील कापडी फुले या वस्तू शिलाई न करता घरच्या घरी बनवता येतात, हे त्यांचे आकर्षण होय. येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ज्या परिसरात एका पिढीपूर्वी मुलासाठी वेगळी खोलीच नव्हती, तेथे ही सजावट पूर्णतः नवी म्हणावी काय? की जुन्या कौशल्याला मिळालेला तो नवा संदर्भ आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना 'खोली' आणि 'शिलाई' या दोन्ही संकल्पनांची तपासणी करणे आवश्यक ठरते.

'मुलाची खोली' या संकल्पनेचा इतिहास

फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, बालपण ही स्वतंत्र अवस्था मानण्याची दृष्टी युरोपात कालौघात घडत गेली, असे प्रतिपादन केले. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ टीका झाली. तथापि घराची विभागणी आणि बालपणाची कल्पना यांचा परस्परसंबंध असतो, हा त्यांचा मुद्दा अभ्यासकांच्या चर्चेत टिकून राहिला.

महाराष्ट्रातील जुन्या घरांचा विचार केल्यास ओटी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली अशी नावे आढळतात. मोठ्या वाड्यांत बाळंतिणीची खोली असे. मुलाची खोली मात्र कोणत्याही यादीत नसे. मूल जन्मल्यावर काही दिवस आईसोबत बाळंतिणीच्या खोलीत राही आणि पुढे साऱ्या घराचे होऊन जाई. कर्जत परिसरातील ठाकर व कातकरी वस्त्यांत कारवीच्या कुडाच्या भिंती लिंपून उभारलेल्या घरात तर एकाच जागेत चूल, धान्य, निजणे आणि बसणे सामावलेले असे. मुंबईत गिरणीकामासाठी गेलेल्या कोकणी व घाटी कुटुंबांची अवस्था याहून वेगळी नव्हती. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या बर्नेट-हर्स्ट यांच्या मुंबईतील कामगार व निवासविषयक ग्रंथात एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांचे तपशीलवार चित्र आढळते.

स्वतंत्र शयनगृहे असलेल्या सदनिकांचा प्रसार मुंबईत प्रामुख्याने १९३० नंतर मध्यमवर्गीय वसाहतींतून झाला. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्यानंतर सदनिका विकत घेण्याच्या व्यवहाराला कायद्याची चौकट लाभली. ही गृहरचना लोहमार्गाच्या कडेने सरकत शेलू-नेरळपर्यंत पोहोचण्यास एकविसावे शतक उजाडले. म्हणजेच विटांच्या भिंतींची 'मुलांची खोली' या परिसरात अत्यंत अलीकडची आहे.

परंतु खोली म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. निजण्याची निश्चित जागा, इतरांपासून थोडा आडोसा, वर एक छत आणि पाहण्यासारखे काहीतरी, एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की मुलासाठी खोलीचे कार्य पूर्ण होते. या चारही गोष्टी पूर्वी एकाच साधनाने, म्हणजे न शिवलेल्या कापडाने, साध्य केल्या जात.

कापड न शिवण्यामागील कारणे

भारतात शिवणकला मुसलमानी राजवटीबरोबर आली, हे एके काळी प्रचलित असलेले मत आता ग्राह्य धरले जात नाही. डॉ. गो. स. घुर्ये यांनी भारतीय वेशभूषेवरील १९५१ च्या ग्रंथात या विषयाची विस्तृत चर्चा केली आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत शिवलेले अंगरखे व चोळ्या घातलेल्या आकृती स्पष्ट दिसतात. सुई आणि दोरा यांची माहिती असूनही लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे ही वस्त्रे न शिवलेलीच राहिली. त्यामुळे शिलाईचा अभाव हे अज्ञानाचे लक्षण ठरत नाही. सोवळ्यातील वस्त्र न शिवलेले असावे या धार्मिक संकेताने या निवडीला प्रतिष्ठा दिली. घरगुती व्यवहारात मात्र तिच्यामागे अधिक व्यावहारिक कारणे होती.

पहिले कारण म्हणजे कापडाचे पुनर्वापरमूल्य. शिवण्यासाठी कापड कापावे लागते आणि एकदा कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. याउलट घडी उलगडता येते, गाठ सोडता येते, पीळ काढता येतो. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. ते दुपारी झोळी म्हणून बांधले आणि संध्याकाळी सोडून धुतले, तर त्याचे लुगडेपण कायम राहते. ज्या घरात स्त्रीजवळ मोजकीच लुगडी असत, त्या घरात ही बाब निर्णायक होती.

दुसरे कारण विणीच्या गुणधर्मात आहे. साध्या विणीचे सुती कापड कडेला लहानशी चीर देऊन ओढले असता धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. त्याला कात्रीची आवश्यकता नसते. पट्टीच्या दोन्ही कडांचे धागे थोडे सुटतात, पण कापड धाग्याच्या रेषेत फाटलेले असल्याने ते तिरपे उसवत जात नाही. अशा पट्ट्यांचे पेड घालून वेणी बनते, त्यांची माळ होते, गुंडाळून फूल होते. सुती धाग्याचा खरखरीतपणा गाठ धरून ठेवतो. लुगड्याच्या पदराच्या दशांना गाठी मारण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे.

तिसरे कारण हवामानाचे होय. सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने कर्जत-खालापूर भागात पावसाळ्यात अतिवृष्टी होते आणि आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही. अनेक थर एकत्र टाचलेली गोधडी अशा दिवसांत ओली झाली तर ती लवकर वाळत नाही. न टाचलेले थर सुटे करून चुलीवरील उतरंडीच्या कडेला किंवा दोरीवर वेगवेगळे वाळवता येतात. तान्ह्या मुलाच्या अंथरुणाला दिवसातून अनेकदा धुवावे लागत असल्याने शिलाई ही येथे सोयीपेक्षा अडचणच ठरे. गोधडी मोठ्यांसाठी आणि सुटी बाळोती व दुपटी तान्ह्यासाठी, ही विभागणी त्यातून स्पष्ट होते.

याला एका लोकसंकेताची जोड होती. बाळ जन्माला येण्यापूर्वी त्याच्यासाठी नवे कपडे आणू वा शिवू नयेत, असे अनेक घरांत मानले जाई. जन्मानंतर प्रथम घरातील जुन्या, वारंवार धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या किंवा लुगड्याच्या कापडात बाळाला गुंडाळत. बालमृत्यूचे प्रमाण मोठे असलेल्या काळात या संकेतामागील भीती समजण्याजोगी आहे. झबले, टोपडे, कुंची ही शिवलेली वस्त्रे साधारणतः बारशाच्या सुमारास येत. मुलाच्या आयुष्याचा आरंभ अशा रीतीने न शिवलेल्या कापडात होत असे.

झोळी, आडोसा आणि चांदवा

झोळी हे या कापडी खोलीचे पहिले अंग. लुगडे लांबीच्या बाजूने दोनदा दुमडले की सुमारे दोन मीटर लांबीचे चार पदरी कापड तयार होते. त्याची दोन्ही टोके दोरांत गाठवून ते दोर तुळईला किंवा आढ्याच्या वाशाला बांधत. डोक्याच्या बाजूला आडवी काठी अडकवली की झोळीचे तोंड मिटत नाही. शेतावर हेच काम आंब्याची वा जांभळाची आडवी फांदी करी. लाकडी पाळणा ज्यांना परवडत नसे त्यांनी झोळी वापरली, असे सरसकट म्हणता येणार नाही. पाळणा असलेल्या घरांतही आई कामाला जाई तेथे झोळी जाई. मुलाची निजण्याची जागा अशी आईच्या कामाबरोबर हलत असे.

आडोसा हे दुसरे अंग. बाळंतीण आणि बाळ यांच्यासाठी माजघराचा एक कोपरा दोरीवर टाकलेल्या लुगड्याने वेगळा केला जाई. या आडपडद्याला कडी, खिळा किंवा शिवण लागत नसे. काठाकडची बाजू खाली सोडली की कापडाला आपोआप वजन येते आणि पडदा सरळ राहतो. वारा, धूर, दृष्ट आणि परक्याची नजर या साऱ्यांपासून संरक्षण हा त्याचा हेतू होता. मुंबईच्या चाळीत एकाच खोलीत दोन पिढ्या राहत असताना हाच आडोसा संसाराची भिंत बनला.

तिसरे अंग चांदवा. पाळण्यावर किंवा झोळीवर कापड ताणून धरल्याने कौलांतून पडणारी धूळ, कुडाची माती आणि किडे अडत. बारशाच्या दिवशी याच उपयोगी वस्तूचे सजावटीत रूपांतर होई. घरातील सर्वांत चांगले लुगडे त्या दिवशी चांदव्यासाठी निघे. त्याच्या कडेला आंब्याची पाने, फुले किंवा रंगीत चिंध्यांची माळ बांधली जाई. पाळण्यावर चिमणाळे टांगले जाई. ते लाकडाचे असे, मण्यांचे असे, तसेच गाठी मारलेल्या चिंध्यांचेही असे. बारशाच्या विधीत वरवंट्याला कुंची घालून किंवा कापडात गुंडाळून पाळण्याखालून फिरवतात, त्यास 'गोप्या' म्हणतात. दगडाला केवळ वस्त्राच्या वेष्टनाने बाळाचे रूप देणे आणि चिंधीला गाठ मारून तिची बाहुली करणे यांमागील कल्पकता एकाच जातीची आहे.

या कौशल्याची शाळा म्हणजे रोजचे नेसणे होय. निऱ्या घालणे, ओचा खोचणे, कासोटा मारणे, फेट्याला पीळ देणे, पावसात घोंगड्याची खोळ करणे या क्रिया लहानपणापासून हाताला सवयीच्या होत्या. आजच्या सजावटीतील कापडी पंखा म्हणजे गोल फिरवलेल्या निऱ्या होत आणि कापडी गुलाब म्हणजे गुंडाळलेला पीळ होय.

लोहमार्ग, गिरणी आणि कापडाची उपलब्धता

वरील प्रथेला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवे परिमाण लाभले. १८५३ साली मुंबई-ठाणे, १८५४ साली कल्याणपर्यंत आणि १२ मे १८५६ रोजी पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. १८६३ साली बोरघाट पार झाल्यावर तो पुण्याला जोडला गेला. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली सूतगिरणी स्थापन केली होती. गिरणी आणि रेल्वे यांच्या या समकालीन उदयामुळे मांजरपाट, धोतरजोड्या आणि गिरणीची लुगडी कर्जतच्या बाजारात पोहोचणे सुलभ झाले.

हा संबंध एकतर्फी नव्हता. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि त्याची वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना पुरवण्यात आली. खालापूर तालुक्यातील पाण्याने माग चालले आणि त्या मागांवरील कापड लोहमार्गाने पुन्हा घाटाच्या पायथ्याशी आले. या भागातील माणसेही गिरण्यांत कामाला गेली. गावी परतताना आणलेले लुगडे प्रथम नेसले जाई, मग झोळी होई, नंतर बाळोती, शेवटी चिंधी आणि पोतेरे. कापडाचा हा प्रवास काही वर्षे चालत असे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची तीव्र टंचाई निर्माण झाली. १९४३ साली सरकारने सुती कापड व सूत नियंत्रण आदेश काढला. किमती व वितरण यांवर बंधने आली, शिधापत्रिकेवर कापड मिळू लागले. अशा वेळी अखंड कापड कापण्याची घरोघरी असलेली अनिच्छा अधिक दृढ होणे स्वाभाविक होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. त्यानंतर अनेक गिरण्या पूर्वपदावर आल्या नाहीत. भिवंडीसारख्या केंद्रांतील यंत्रमागांचे आणि कृत्रिम धाग्यांच्या कापडाचे महत्त्व वाढले. या बदलाचा मुलाच्या कापडी खोलीवर झालेला परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. कृत्रिम धाग्याची साडी गुळगुळीत असल्याने तिची गाठ सरकते, ती घाम शोषत नाही आणि जुनी झाली तरी सुती कापडासारखी मऊ होत नाही. त्यामुळे झोळी व बाळोती यांसाठी ती गैरसोयीची ठरली. मात्र ती चुरगळत नाही आणि तिचा रंग टिकतो, म्हणून पडदा, झालर व चांदवा यांसाठी ती सोयीची ठरली. न शिवलेले कापड उपयोगाकडून सजावटीकडे वळण्यामागे हे भौतिक कारण आहे.

शिवण : शिक्षण, गाठ : सवय

शिलाई यंत्राच्या आगमनाने आणखी एक फरक घडवून आणला. अमेरिकेत सिंगर यांनी १८५१ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. भारतात १९३० च्या दशकाच्या मध्यापासून कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' यंत्रांचे उत्पादन सुरू केले. तत्पूर्वीच स्त्री-सुधारणेच्या चळवळीने शिवणकामाला स्त्रियांच्या स्वावलंबनाचे साधन मानले होते. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांतून शिवणाचे वर्ग चालत. स्वातंत्र्यानंतर शासकीय योजनांतून शिलाई यंत्रांचे वाटप झाले, अभ्यासक्रम आले, प्रमाणपत्रे आली.

या प्रयत्नांचे सामाजिक मोल निर्विवाद आहे. तथापि त्यांचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की शिवण हे शिक्षण ठरले आणि गाठ ही केवळ सवय राहिली. शिवलेल्या वस्तूची किंमत ठरवता येई, बांधलेल्या वस्तूची ठरवता येत नसे. अलीकडे गोधडीला हस्तकलेच्या प्रदर्शनांत स्थान मिळाले. झोळीला ते मिळाले नाही, कारण ती सोडली की पुन्हा लुगडे होते. संग्रहालयात वस्तू ठेवता येते, कृती ठेवता येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी घाटमाथ्यावरील मुळशी, मावळ आदी भागांत आरंभ करून जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांच्यामुळे स्त्रियांचे शब्द टिकले. स्त्रियांच्या हातांच्या क्रियांसाठी असे संकलन अद्याप झालेले नाही.

या बाबतीत बालशिक्षणाच्या क्षेत्रात एक महत्त्वाचा अपवाद घडला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ते कार्य पुढे कोसबाडच्या आदिवासी परिसरात विस्तारले. महागड्या मॉन्टेसरी साधनांऐवजी बिया, पाने, माती, चिंध्या अशा परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंचा शैक्षणिक उपयोग त्यांनी केला. मुलांची जागा सुंदर असावी आणि ती गरीब घरातील साहित्यानेही सुंदर होऊ शकते, हा विचार त्यामागे होता. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर गावोगावच्या अंगणवाड्यांत पताका, तोरणे व कापडी बाहुल्या दिसू लागल्या. ग्रामीण भागातील अनेक मुलांनी केवळ मुलांसाठी सजवलेली पहिली खोली पाहिली ती अंगणवाडीतच.

मखर ते मुलांची खोली

रायगड जिल्ह्यात गणेशोत्सवाला असलेले महत्त्व सर्वज्ञात आहे. पेणच्या गणेशमूर्ती दूरवर जातात. घरगुती गणपतीच्या मागे साड्यांच्या निऱ्या टाचण्यांनी लावून पार्श्वभूमी तयार करणे, गौरीला साडी नेसवणे, छताला दुपट्ट्यांची कमान करणे या प्रकारांत बिनशिलाईच्या कापडी सजावटीचे कौशल्य वर्षानुवर्षे जपले गेले. मध्यंतरी थर्माकोलच्या मखरांनी कापडाची जागा घेतली होती. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेद्वारे महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. त्यानंतर कापडी मखराला पुन्हा मागणी आली. शेलू-नेरळच्या नव्या सदनिकांत मुलांची खोली सजवणाऱ्या स्त्रीजवळ हे गणपतीचे कौशल्य तयारच असते.

आजच्या बिनशिलाई सजावटीचे साहित्य मात्र बरेचसे जागतिक बाजारपेठेतून आले आहे. नमदा किंवा फेल्ट हे विणलेले नसल्याने कापले तरी त्याचे धागे सुटत नाहीत. अमेरिकेतील माल्डन मिल्सने १९७९ च्या सुमारास विकसित केलेले पोलरफ्लीस हे कापडही कापल्यावर सुटत नाही. त्याच्या कडा पट्ट्यांत कापून एकमेकींना गाठवल्या की शिलाईविना पांघरूण तयार होते. गरम गोंदाची बंदूक आणि इस्त्रीने चिकटणारी पट्टी यांनी उरलेले काम सोपे केले.

जुन्या व नव्या पद्धतीतील मूलभूत भेद येथे स्पष्ट होतो. दोन्हींत शिलाई नाही. परंतु जुन्या पद्धतीत शिलाई टाळण्याचा हेतू कापड अखंड राखणे हा होता, तर नव्या पद्धतीत वेळ व श्रम वाचवणे हा आहे. जुन्या पद्धतीत गाठ सुटे आणि कापड परत मिळे. नव्या पद्धतीत कापड कापले व चिकटवले जाते, त्यामुळे सजावटीचा कंटाळा आला की ते टाकूनच द्यावे लागते. 'बिनशिलाई' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या अर्थव्यवस्था दडलेल्या आहेत.

सुरक्षितता आणि विषमता

या परंपरेचे गौरवीकरण करताना तिच्यातील धोक्यांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. झोळीत किंवा झोळीशी खेळताना गळ्याभोवती पीळ बसून मुले दगावल्याच्या घटना भारतीय न्यायवैद्यक साहित्यात नोंदल्या गेल्या आहेत. सैल कापड, लोंबणाऱ्या लडी आणि पाळण्याच्या कडेच्या मऊ गाद्या तान्ह्या मुलासाठी घातक ठरू शकतात. अमेरिकेने मे २०२२ मध्ये केलेल्या कायद्याने पाळण्याच्या कडेला लावावयाच्या गुबगुबीत गाद्यांच्या उत्पादनास व विक्रीस बंदी केली. म्हणून कापडी माळ मुलाच्या हाताला न पोहोचणाऱ्या उंचीवर असावी आणि तान्ह्याच्या अंथरुणात सजावटीचे काहीही नसावे, हा नियम आज आवश्यक ठरतो. जुन्या घरात झोळीजवळ सतत कोणीतरी मोठे माणूस असे. बंद दाराच्या स्वतंत्र खोलीत ते नसते. खोली बदलली की कापडाचा धोकाही बदलतो.

दुसरा मुद्दा विषमतेचा आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पन्नासहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यांत पाळणाघर आवश्यक केले. १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीसवर आली. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली. परंतु असंघटित क्षेत्राचा फार मोठा भाग या सोयींबाहेर राहिला. रायगड जिल्ह्यातील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपताच वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. तेथे आई विटा थापत असताना मूल शेजारच्या झोळीत असते. सदनिकांच्या भिंतींना लागणारी वीट ज्या भट्ट्यांवर तयार होते, त्या भट्ट्यांवरच्या मुलासाठी कापडाची झोळी आजही खोलीऐवजी आहे. एकाच तालुक्यात एका मुलासाठी न शिवलेले कापड ही हौस आहे आणि दुसऱ्यासाठी तेच एकमेव घर आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, शेलू-कर्जत परिसरात मुलाची स्वतंत्र खोली नवी असली तरी मुलासाठी कापडाने जागा निर्माण करण्याची रीत जुनी आहे. दुसरा, कापड न शिवणे ही अज्ञानाची किंवा केवळ दारिद्र्याची खूण नव्हती. कापडाचे मूल्य, विणीचे गुणधर्म आणि कोकणच्या पायथ्याचे हवामान यांतून आलेली ती विचारपूर्वक निवड होती. तिसरा, गिरणी कापडाच्या प्रसाराने ही प्रथा विस्तारली आणि कृत्रिम धाग्यांनी तिला उपयोगाकडून सजावटीकडे वळवले. चौथा, शिवणाला शिक्षणाचा दर्जा मिळाल्याने गाठ, घडी आणि पीळ यांतील ज्ञान दुर्लक्षित राहिले.

हे ज्ञान कागदावर नाही, ते वयोवृद्ध स्त्रियांच्या हातांत आहे. ज्यांनी सुती लुगड्याची झोळी बांधली, दोरीवर आडोसा टाकला आणि बारशाला चांदवा धरला, त्या पिढीतील स्त्रिया आता थोड्याच उरल्या आहेत. इतिहास, समाजशास्त्र आणि गृहविज्ञान या विभागांनी एकत्रितपणे विद्यार्थ्यांकरवी त्याची नोंद घेणे शक्य आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. आजीसमोर एक जुने लुगडे ठेवावे, तिला ते बांधावयास सांगावे आणि प्रत्येक घडीला व गाठीला ती कोणत्या नावाने ओळखते ते लिहून घ्यावे. स्थानिक इतिहासलेखनात आजवर वाडे, देवळे आणि दस्तऐवज यांना स्थान मिळाले. त्यांच्या शेजारी मुलासाठी बांधलेल्या एका झोळीची नोंद झाली, तर या परिसराच्या सामाजिक इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघेल.